डॉसन्स बेंडचे ट्युबावाले

डॉसन्स बेंड
९ फेब्रुवारी १९८७

प्रिय ग्लेनिस,

नाताळात आलेल्या तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नकोस. तेव्हा सगळं ठीक चाललं होतं, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नव्हतं. आता आहे.

कारखाना बंद झाला. यंदा पीच नुसते लगडलेत, पण डब्यात भरायला कोणी नाही. मालकांनी आम्हाला अंगणात रांगेत उभं केलं, एकेकाचा हात हातात घेतला आणि निरोपाची भेट म्हणून प्रत्येकाला पीचच्या डब्यांचं एक खोकं दिलं. बावीस वर्षं ज्याचं तोंड बघून विटलो, तेच फळ! वाल्डा रोज जेवणानंतर एक डबा फोडते. मी मुकाट्याने खातो.

परवा रोजगार कचेरीत गेलो. खिडकीमागची पोरगी म्हणाली, "रेझ्युमे आणलाय का?"

मी म्हटलं, "नको पोरी, घरून खाऊन आलोय."

ती हसली नाही. माझ्यामागे नगेट हॉस्किन्स होता, तो मात्र हसला. नगेट तुला आठवेल. कारखान्यात माझ्या शेजारच्या यंत्रावर होता, आणि माझ्या लग्नात तुझ्या टोपीवर बसला होता. मग पोरीने समजावून सांगितलं की आपण कोण, काय काय केलं, हे सगळं एका कागदावर टाईप करून आणायचं. मी म्हटलं, मी कोण ते गावात सगळ्यांना माहीत आहे. ती म्हणाली, "मला नाही माहीत." बाहेरगावची आहे ती.

तू तिकडे ॲडलेडला लोकांचे असले कागद लिहून देण्याचा धंदा काढलायस ना? मग भावासाठी एक लिही. नदीवरच्या फेरीची नोकरी निघाली आहे. म्हातारा आल्फ कंबरदुखीने निवृत्त होतोय. दोरावर तराफा इकडून तिकडे न्यायचा, गाड्या उतरवायच्या, नव्या चढवायच्या, परत यायचं. जन्मभर एका जागी उभा राहिलो गं. आता उभ्या उभ्या पलीकडच्या काठापर्यंत तरी जाईन.

माझी माहिती अशी: पीचच्या कोयी काढायच्या यंत्रावर होतो. त्याआधी तीन आठवडे माल उचलायच्या गाडीवर होतो, पण ती पाकाच्या टाकीत गेली. माझ्यासकट. गावच्या बँडमध्ये तो मोठा पितळी भोंगा, ट्युबा, वाजवतो. लग्न झालंय, बायको वाल्डा.

एक विचारायचं होतं. मला पोहता येत नाही, हे लिहायचं का?

तुझा भाऊ,
क्लेम

•

ॲडलेड
१६ फेब्रुवारी १९८७

प्रिय क्लेम,

कारखान्याचं वाचून वाईट वाटलं. पण रडत बसू नकोस, तुझ्या पत्रावरच रडायला मला भरपूर कारणं आहेत.

मी या विषयाचा संध्याकाळचा वर्ग पूर्ण केलेला आहे आणि माझ्याकडे स्मरणशक्ती असलेला विजेचा टाइपरायटर आहे. तो एक अख्खं पान लक्षात ठेवतो. माझ्या नवऱ्यापेक्षा बरा. गिऱ्हाइकांची रीघ लागलीये, तरी तुझं काम आधी घेतलं.

आता नीट वाच. रेझ्युमेत कोणीही 'होतो' असं लिहीत नाही. 'उभा होतो' तर नाहीच नाही. रेझ्युमेत माणूस सांभाळतो, घडवतो, राबवतो, वाढवतो. पाकाच्या टाकीचा विषय यापुढे कुणाहीजवळ काढायचा नाही. खाली मसुदा देते:

"क्लेमेंट आर्थर ट्रेगेन्झा. अन्नप्रक्रिया क्षेत्रातील अनुभवी तंत्रज्ञ. फळांतर्गत कठीण घटकांच्या निर्मूलनाची जबाबदारी बावीस वर्षे अखंडितपणे सांभाळली. अवजड वाहतूक साधनांची सखोल जाण. नगर वाद्यवृंदातील ट्युबावादक या नात्याने सांघिक कार्याचा पाया मजबूत केला. नदीविषयी नितांत आदर. विवाहित, पत्नी वाल्डा."

'नितांत आदर' म्हणजे पोहता येत नाही. कोणी विचारलंच तर खोटं बोलू नकोस, आणि कोणी विचारलं नाही तर तोंड उघडू नकोस.

नाहीच जमलं तर इकडे ये. नवरोबांना, म्हणजे रेक्सला, गालिचांच्या दुकानात माणूस हवाच आहे. गुंडाळ्या उचलायच्या असतात.

ग्लेनिस

•

डॉसन्स बेंड
२३ फेब्रुवारी १९८७

प्रिय ग्लेनिस,

तुझा कागद मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचला. वाल्डा भांडी घासत होती. ती हात पुसत आली आणि म्हणाली, "कोण रे हा? असला नवरा मला कसा नाही मिळाला?"

मग पबमध्ये नेला. नगेटने स्टुलावर चढून वाचून दाखवला. 'कठीण घटकांचे निर्मूलन' ऐकून सगळ्यांनी ग्लास उचलले. नगेट म्हणाला, "क्लेम, मीही बावीस वर्षं तेच केलं, पण मला वाटायचं आपण कोयी काढतोय." कुणीतरी सगळ्यांसाठी आणखी बिअर मागवली.

ग्लेनिस, मी रात्री आरशात बघितलं. खरं सांगू? मी मलाच थोडा उंच झाल्यासारखा वाटलो.

रेक्सला माझे आभार सांग, पण गालिचे नकोत. वाल्डा नदी सोडून यायची नाही. आणि मीही.

सहा स्वच्छ प्रती पाठव. नगेटने एक मागितली आहे. म्हणतो, समास किती सोडतात ते बघायचंय.

क्लेम

•

ॲडलेड
२ मार्च १९८७

क्लेम,

सहा प्रती सोबत. जाड कागद आहे, घडी घालू नकोस, त्यावर बिअर ठेवू नकोस.

आणि हा कागद कुणालाही द्यायचा नाही. समास बघायलासुद्धा नाही. नगेटला तर मुळीच नाही, ती टोपी मी अजून विसरलेली नाही.

ग्लेनिस

•

डॉसन्स बेंड
२५ मार्च १९८७

प्रिय ग्लेनिस,

इकडे हवा छान आहे. टोमॅटो संपले. वाल्डा आल्फसाठी रोज दुपारी स्कोनचे गोड पाव भाजून फेरीवर घेऊन जाते, बिचाऱ्याची कंबर फार दुखते.

सहज एक विचारतो. तुमच्या वर्गात हे शिकवलं असेल. दोन माणसांचे रेझ्युमे थोडेफार सारखे असले तर चालतं का?

समज, अगदी सारखे असले तर?

समज, दोनपेक्षा जास्त माणसं असली तर?

क्लेम

•

ॲडलेड
२८ मार्च १९८७

क्लेम,

काय करून ठेवलंस?

ग्लेनिस

•

डॉसन्स बेंड
५ एप्रिल १९८७

प्रिय ग्लेनिस,

बस आणि वाच. जवळ चहा ठेव.

प्रतींबरोबरचं तुझं पत्र वाचायच्या आधीच मी नगेटला एक प्रत दिली होती. तो ती घेऊन ग्रंथालयात गेला. ग्रंथपाल डॅब्नीबाई झेरॉक्स यंत्रावर बसतात. नवरा गेल्यापासून त्यांना ते यंत्र हाच विरंगुळा आहे. त्यांनी नगेटला एक प्रत काढून दिली, मग एक त्याच्या मेव्हण्याला, मग त्यांचाच हात थांबेना. लोकांनी माझ्या नावावर ती पांढरी शाई फासली आणि वर आपापलं नाव लिहिलं. बाकी कशाला हात लावला नाही. नगेट म्हणतो, "इतकं चांगलं लिहिलेलं बिघडवायचं कशाला?"

फेरीच्या नोकरीसाठी असे सतरा अर्ज गेले. माझा धरून.

गुरुवारी फेरीच्या सरकारी खात्याचे साहेब आले, क्विगली नावाचे. बारीक मिशी, जाड चष्मा. सभागृहात आम्हाला खुर्च्यांवर बसवलं. समोर टेबलावर कागदांची चळत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मी नोकरीत आयुष्य काढलंय. पण सतरा ट्युबावादक असलेलं गाव पहिल्यांदाच बघतोय. बाकीची वाद्यं कोण वाजवतं?"

आमचं पितळ उघडं पडलं, ग्लेनिस. तेही ट्युबाचं.

"बरं," साहेब म्हणाले, "फळांतर्गत कठीण घटक म्हणजे काय, हे कोण सांगेल?"

डॅब्नीबाईंनी हात वर केला. त्यांनीही अर्ज केला होता हे मला तिथे कळलं. त्या म्हणाल्या, "अळ्या."

मग साहेबांनी सगळे कागद पंख्यासारखे पसरले. "आणि ही वाल्डा कोण? तुम्हा सगळ्यांची बायको वाल्डाच कशी? डॅब्नीबाई, तुमचीसुद्धा?"

"ती मीच," मागून आवाज आला.

मी वळून बघतो तर दारात आमची वाल्डा! रविवारचा निळा झगा घालून. मला वाटलं, घराची किल्ली राहिली म्हणून आली असेल.

साहेब उठून उभे राहिले. "बाई, हे सतरा नवरे तुमचे?"

वाल्डाने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. "सोळा माझे नाहीत. सतराव्याचा विचार चालू आहे."

सभागृह फुटेल इतकं हसलं. मीही हसलो, काय करणार? मग साहेबांनी चळतीच्या तळातून एक वेगळा कागद काढला. वहीचा, रेघांचा, हाताने लिहिलेला. म्हणाले, "मग हा अठरावा अर्जही तुमचाच." आणि वाचून दाखवला. मला तो पाठ झालाय:

"मी फेरीजवळ राहते. मला पोहता येतं. आल्फची कंबर दुखते म्हणून दोन वर्षं दुपारची फेरी मीच चालवते, तो स्कोन खातो. मी ट्युबा वाजवत नाही. — वाल्डा ट्रेगेन्झा."

दोन वर्षं, ग्लेनिस! मला वाटायचं ती नुसते स्कोन पोचवते.

साहेब आम्हाला सगळ्यांना घेऊन नदीवर गेले. पलीकडे पिंप घेऊन जाणारा ट्रक उभा होता, त्याचा ड्रायव्हर शिव्या घालत होता. वाल्डाने फेरी नेली, त्याला एका शब्दात गप्प केलं, ट्रक चढवला, परत आणला. आल्फ बाकावर बसून बघत होता, तोंडात स्कोन. साहेबांनी तिथेच तिच्याशी हात मिळवला.

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांच्या आधी वाजवल्या. मग आम्ही घरी आलो. ती म्हणाली, "तुला सांगणार होते. पण तू त्या कागदावर इतका खूश होतास." मी म्हटलं, "बरं झालं." आणि बागेत जाऊन बसलो.

बरंच झालं, नाही का?

क्लेम

•

डॉसन्स बेंड
२० एप्रिल १९८७

ग्लेनिस,

क्लेम मागच्या पायरीवर बसतो आणि ट्युबा घासतो. ट्युबा आता इतका चकचकीत झालाय की शेजारची बदकं त्यात तोंड बघून भांडतात. माझ्याशी गोड बोलतो, त्याचीच काळजी वाटते. काल म्हणाला, "तुझा डबा भरून ठेवलाय." उघडला तर त्यात सोललेले सहा पीच, कोयी काढलेले.

गाव नगेटवर चिडलंय, नगेट डॅब्नीबाईंवर चिडलाय, आणि सगळ्यांना नोकरी हवीच आहे. रोजगार कचेरीतली पोरगी आता ट्युबा शब्द दिसला की कागद फाडते.

तू मोठी बहीण आहेस. काहीतरी कर. मला फेरी सोडता येत नाही.

वाल्डा

•

ॲडलेड
२७ एप्रिल १९८७

प्रिय क्लेम,

ट्युबा खाली ठेव.

मी तुझ्यावर रागवायला बसले होते. तीन कागद फाडले. शेवटी हसू आलं, आणि मग एक गोष्ट लक्षात आली ती तुला सांगते, रेक्सला सांगू नकोस. माझ्याकडे गिऱ्हाइकांची रीघ नाहीये. एकही नाही. वर्तमानपत्रात जाहिरात दिली, तर एक माणूस आला आणि त्याने फक्त टॉयलेट कुठे आहे विचारलं. पहिलं गिऱ्हाईक तू. आणि तुझ्यामागे सोळा माणसांना माझं लिहिणं इतकं आवडलं की त्यांनी ते चोरलं! अख्ख्या ॲडलेडमध्ये माझं काही कुणी चोरत नाही.

पण चूक माझीही आहे. मी तुला काहीच विचारलं नव्हतं. तुझ्या पत्रातल्या चार ओळी घेतल्या आणि फुगवल्या. फुगा कुणाच्याही हातात सारखाच दिसतो, म्हणून तो सगळ्यांना चालला.

आता असं करू. त्या सोळा जणांना एकेक करून बसव आणि विचार. काय केलंस, कसं केलंस, घरी काय करतोस, लोक तुझ्याकडे कशासाठी येतात. तुझ्यासमोर लोक बोलतात, क्लेम. लहानपणी आपल्या दारी आलेला ब्रश विकणारा तुला तासभर आपल्या सासूची कहाणी सांगून गेला होता आणि ब्रश विकायचाच विसरला होता. तू ऐक आणि जसं सांगतील तसं लिहून पाठव. टाईप मी करीन. आलेल्या पैशांत निम्मा वाटा तुझा.

आणि बायकोला पीच देऊ नकोस. सॅंडविच दे.

ग्लेनिस

•

डॉसन्स बेंड
११ जून १९८७

प्रिय ग्लेनिस,

थंडी पडली. सकाळी नदीवर इतकं धुकं असतं की वाल्डा आणि फेरी दोघी दिसेनाशा होतात, नुसती घंटा ऐकू येते. मी डबा घेऊन काठावर उभा राहतो. ती आली की डबा देतो आणि मग काठावरच्या शेडमध्ये माझं 'कार्यालय' उघडतो. टेबल म्हणजे दोन खोकी, वर फळी. फेरीसाठी थांबलेले लोकही आत येऊन बसतात, त्यामुळे परवा एका मेंढ्यांच्या व्यापाऱ्याचाही रेझ्युमे उगाचच लिहून झाला.

डॅब्नीबाईंचं जमलं! तू टाईप केलेला कागद घेऊन त्या वरच्या गावातल्या शाळेत गेल्या. पत्रकं छापायला बाई हवी होती. तिथे झेरॉक्सची दोन यंत्रं आहेत. त्यांनी मला मिठीच मारली.

नगेटचा कागद सोबत पाठवतोय. त्याचं मात्र सांगितलंच पाहिजे. तीन वेळा आला आणि तिन्ही वेळा म्हणाला, "लिही, कोयी काढल्या." मी म्हटलं, "आणखी?" तो म्हणाला, "आणखी कोयी." चौथ्यांदा पाऊस होता, शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. तो माझ्या कोटाकडे बघत होता. म्हणाला, "अस्तर सुटलंय. काढ." खिशातून सुईदोरा काढला आणि बोलता बोलता शिवून दिलं. टाका असा, की शोधून सापडत नाही.

मी म्हटलं, "नगेट, हे कुठे शिकलास?"

तो खाली बघत म्हणाला, "पोरींचे लग्नाचे झगे मीच शिवले. तिघींचे."

"अरे, ते तर मेलबर्नच्या चुलतबहिणीने पाठवलेले ना?"

"मला चुलतबहीण नाही."

ग्लेनिस, ते झगे तुला आठवतात? मधलीच्या झग्याला मागे मोत्यांची रांग होती, वाल्डा चर्चमध्ये त्याच्याकडेच बघत बसली होती. बावीस वर्षं तो माझ्या डाव्या हाताला उभा होता, आणि आम्ही फुटबॉलशिवाय काही बोललो नाही. म्हणाला, "पबमध्ये कळलं तर जगू देणार नाहीत, लिहू नकोस." मी म्हटलं, "पबवाले कुठे नोकरी देतायत? मी लिहिणार."

मी लिहिलं. खालच्या वळणावर घरबोटी बांधणारा एक कारखाना निघालाय, त्यांना गाद्या, पडदे, ताडपत्र्या शिवणारा हवा होता. त्यांना मी हाताने लिहिलेलाच दाखवला, तुझ्या प्रतीची वाट बघत बसलो असतो तर जागा गेली असती. मालकाने नगेटला एक फाटकं शीड दिलं आणि म्हणाला, शिव. नगेटने शिवलं. मालकाने ते उलटसुलट करून बघितलं, शिवण सापडेना, चिडला, मग म्हणाला, "सोमवारपासून ये."

त्या संध्याकाळी नगेट स्वतःच पबमध्ये स्टुलावर चढला आणि सगळ्यांना सांगून टाकलं. मी म्हटलं, आता संपला हा. तेवढ्यात कोपऱ्यातला पोलीस हवालदार उठला आणि म्हणाला, "नगेट, माझ्या विजारीची चेन बसत नाही रे, बघतोस का?" त्यानंतर रांग लागली.

वाल्डा बरी आहे. काल तिने मला फेरीचा दांडा धरू दिला. नदीच्या मध्यावर मी डोळे मिटले, तर ओरडली, "उघड डोळे, माणसं आहेत वर!" पण परतताना हात माझ्या हातावर ठेवला होता. मी म्हटलं, "सतराव्याचा विचार झाला का?" ती म्हणाली, "चालू आहे," आणि घंटा वाजवली.

आता एक काम गुप्त आहे. पाकिटावर तसं लिहू नकोस, टपालवाला वाचतो. उद्या आपले पाद्रीबाबा येणार आहेत. त्यांनाही नोकरी बदलायची आहे. म्हणाले, तीस वर्षं प्रवचनं दिली, आता मधमाश्या पाळायच्या आहेत, त्या निदान ऐकताना झोपत नाहीत. अनुभव, कौशल्यं वगैरे मी काढून घेईन. पण आधीच्या वरिष्ठांचं शिफारसपत्र कुठून आणायचं, ते तूच सांग. ते म्हणाले, रोज विचारतो, उत्तर येत नाही.

तुझा भाऊ आणि निम्मा भागीदार,
क्लेम